चौदाव्या दिवसापासून

माणूस गेला की तेरा दिवस त्याचे घर एकटे पडू द्यायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारी भाकर घेऊन येतात. सोयरेधायरे मिळेल त्या गाडीने येतात आणि न बोलता दारात बसतात. 'बसायला जाणे' असा साधा शब्दप्रयोग आपण करतो. जाणारा काही घेऊन जात नाही, समजुतीचे मोठे बोलही बोलत नाही. तो नुसता जाऊन बसतो. आपल्या पूर्वजांना मनाचे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नसेल, पण दुःखी माणसाजवळ दुसऱ्या माणसाने बसले पाहिजे एवढे त्यांनी नक्की ओळखले होते.

मग तेरवी होते. मागून आणलेल्या दऱ्या आणि गंज ज्यांचे त्यांना परत जातात. चौदाव्या दिवशी सकाळी अंगण झाडले जाते आणि ते घर एकटे पडते. या चौदाव्या दिवसाविषयी मला दोन शब्द लिहायचे आहेत.

आमचे गाव राळेगाव तालुक्यातले. पऱ्हाटी आणि तूर हीच तिथली लक्ष्मी. २०१७ सालच्या खरिपात गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पोखरला हे वाचकांना आठवत असेल. बाहेरून बोंड हिरवेगार आणि फोडले तर आत सरकी किडलेली. माझे धाकटे काका तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. २०१८ च्या चैत्रात त्यांनी आपले आयुष्य संपवले. मी तेव्हा आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. काकू बत्तीस वर्षांची. पदरी दोन लेकरे, थोरली माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

तेरा दिवस आमचे अंगण भरलेले होते. पुढारी आले, अधिकारी आले, कागद लिहून गेले. शासनाची एक लाखाची मदत मिळेल असे सगळेच सांगत होते. पुढे काही महिन्यांनी निकाल आला, 'अपात्र'. सातबारा आजोबांच्या नावे होता. काकांनी आयुष्यभर कसलेले वावर कागदावर त्यांचे नव्हतेच. 'अपात्र' हा शब्द काकूने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "म्हणजे ते शेतकरी नव्हते का व?" या प्रश्नाचे उत्तर आठवी पास झालेल्या मुलीजवळ नव्हते, ते आज बी.ए.च्या शेवटच्या वर्षातही माझ्याजवळ नाही.

त्यानंतर काकूचे बोलणे कमी होत गेले. निंदणाला जाणे सुटले. केस विंचरायचे राहू लागले. रात्री ती उठून बसायची. आई विचारायची तेव्हा म्हणायची, "काही नाही, डोक्यात इचार चढले." पोळ्याच्या दिवशी गावात बैल सजले, तोरणाखाली रांग लागली. काकांची जोडी वैशाखातच विकली गेली होती. वाजंत्री आमच्या गल्लीत शिरली तशी काकूने आतून कडी लावून घेतली. माझी आई दारापाशी बसून हाका मारत राहिली. ती कडी उघडली तेव्हा दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशी, गावातली पोरे मातीचे-लाकडी बैल घेऊन हिंडत असताना, दोन गल्ल्या पलीकडच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी असेच गेलेले. हातात सूप, सुपात तुरीची दाळ. "निवडाले चष्मा नाही, तुह्या नजरेनं निवडून दे," असे म्हणून त्यांनी सूप काकूपुढे ठेवले आणि भिंतीला टेकून बसल्या. तासभर दोघी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आल्या, चौथ्या दिवशी पुन्हा. सुपातले धान्य बदलत होते, एवढेच.

पाचव्या-सहाव्या दिवशी काकूच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले. आई लगबगीने पुढे झाली तशी मावशींनी तिला हातानेच थांबवले. त्या काकूला म्हणाल्या, "मले सारे म्हणत होते, रडू नोको, लेकराइकडे पाय. मी तुले तसं म्हनत नाही. रड." बऱ्याच वेळाने काकूने विचारले, "तुमाले झोप कवापासून लागली?" चार महिन्यांत तिने कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मावशी म्हणाल्या, "सालभर लागली नाही. मंग आशाताईसंग यवतमायच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डाक्टरनं गोयी देली. पागल म्हणून नाही देली. झोप याची म्हणून देली. तुलेही नेतो."

आणि त्यांनी नेले. कळंबवरून यवतमाळ, एस.टी.ने, आशाताई आणि मावशी दोन्ही बाजूंना बसून. काकूला औषध सुरू झाले. मोसम उलटला तशी ती पुन्हा वेचणीला जाऊ लागली.

ही हकिगत मी घरची म्हणून सांगितली, पण तिच्यात पुष्कळ विचार करण्यासारखे आहे. मावशींजवळ कसली पदवी नव्हती. पण आम्हा घरच्यांजवळ नसलेले एक ज्ञान त्यांच्याजवळ होते. ती वाट त्या स्वतः चालून आल्या होत्या. माझी आई काकूवर जिवापाड माया करते. परंतु आईच्या मायेत भीती होती, आणि काकूला ती भीती दिसत होती. मावशींना भीती वाटत नव्हती. अंधारात जाऊन परत आलेले माणूस समोर बसले आहे, हेच काकूला दिसायला हवे होते. मराठीत 'समदुःखी' हा किती सुंदर शब्द आहे! आपण तो फक्त शोकसभेत वापरतो.

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी वाचन करताना मला कळले की, आमच्या ओट्यावर जे घडले तेच जगात इतरत्र विचारपूर्वक घडवले गेले आहे. आफ्रिकेतील झिम्बाब्वे या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकी डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण दवाखान्यात येण्यासाठी बसभाडे नव्हते म्हणून वेळेवर येऊ शकली नाही आणि तिने आयुष्य संपवले. त्या धक्क्यातून २००६ साली त्यांनी हरारे शहरातील म्बारे या गरीब वस्तीत चौदा आजीबाईंना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवला. त्याचे नाव 'मैत्रीचा बाक'. मन जड झालेला माणूस त्या बाकावर येऊन बसतो आणि आजी त्याचे ऐकते. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ, अतिशय विचार करणे. वाचताना मी थबकले. हे तर काकूचेच शब्द, 'डोक्यात इचार चढले'!

या आजीबाईंनी डॉक्टरांची जड परिभाषा स्वीकारली नाही. 'मन उघडणे', 'उभारी देणे' आणि 'बळ देणे' असे आपल्या भाषेतले तीन शब्द त्यांनी उपचाराच्या तीन पायऱ्यांसाठी निवडले. त्यांच्या कामाची रीतसर तपासणी झाली. चोवीस दवाखाने आणि ५७३ रुग्ण यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत ती शंभरातल्या सुमारे चौदा जणांतच आढळली. मला सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. बाकावरून उठलेली माणसे मग एका मंडळात येतात. तिथे सगळे समदुःखी. जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणत ती आपापसात बोलतात. तिथे हातात विणकाम आहे, आमच्याकडे सूप होते. हाताला काम असले की डोळे खाली राहतात आणि तोंड मोकळे होते, हे दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या परीने ओळखले.

जिथे दवाखाने भरपूर आहेत तिथे अशा मंडळांची गरज काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर इंग्लंडमध्ये मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, जमैका, त्रिनिदाद इत्यादी कॅरिबियन बेटांवरून आणि पुढे आफ्रिकेतून पुष्कळ लोक तिथे कामासाठी गेले. तिथले दवाखाने सुसज्ज. परंतु या कृष्णवर्णीय समाजाच्या वाट्याला उपचारापेक्षा सक्ती अधिक आली. मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली इच्छेविरुद्ध डांबून ठेवले जाण्याचे त्यांचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या चौपटीहून अधिक असल्याचे २०१८ सालच्या सरकारी आढाव्यात नमूद झाले. १९९८ साली डेव्हिड बेनेट हा अडतीस वर्षांचा कॅरिबियन वंशाचा रुग्ण दवाखान्यात कर्मचाऱ्यांनी दाबून धरलेले असताना मरण पावला. अशा अनुभवानंतर कोणता माणूस आपण होऊन त्या दारात जाईल? म्हणून तिथल्या आफ्रिकी-कॅरिबियन लोकांनी आपल्या चर्चमधून, वस्तीतल्या सभागृहांतून आपली आपण मंडळे उभारली. दुखणे सांगण्याआधी आपली कातडी समजावून सांगावी लागणार नाही, अशी जागा त्यांना हवी होती.

आपल्याकडे कातडीचा प्रश्न तसा नाही. पण 'पागलखाना' हा शब्द आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तरी यवतमाळच्या दवाखान्यातल्या मनोविकार विभागापुढे आपल्याला कुणी पाहील ही भीती काही अर्धी झाली नाही. ती भीती कमी करायला आधी तिथे जाऊन आलेली बाईच बरोबर लागते.

महाराष्ट्रातही ही वाट नवी नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून सुटलेले कितीतरी जण पुढे तिथेच इतरांना आधार देऊ लागले. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून पुण्यात 'सा' ही संस्था उभी राहिली आणि रुग्णांचे व त्यांना सांभाळणाऱ्यांचे स्वमदत गट तिथे भरू लागले. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी मनाच्या दुखण्याविषयी बोलायचे, अशी ती योजना. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शासनाने २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यातही घरोघरी जाऊन विचारपूस करण्याचे काम आशाताईंकडेच आले.

आणि आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट तर अभिमानाने सांगण्यासारखी आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात नवरा गमावलेल्या शेतकरी बायकाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. आमच्या घरी तो कार्यक्रम मोबाइलवर पाहिला. काकूने शेवटपर्यंत पाहिला आणि एवढेच म्हणाली, "आपल्यासारखीच हाय ते." त्या वाक्यात मला काकूच्या पाठीचा कणा ताठ झाल्यासारखा वाटला. नाटकाच्या नावातच तेरवी आहे, पण त्या बायकांनी जे केले ते चौदाव्या दिवसाचे काम होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या वडिलांनीच घेतला होता. ते म्हणाले, "कापसाले भाव नाही, बोंडाले अळी, अन् हे म्हणते मनाचा दवाखाना!" आक्षेप खोटा नाही. मूळ कॅरिबियन बेटावरचे असलेले प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन यांना १९५३ पासून अल्जीरियात काम करताना हेच जाणवले. परकीय राजवट ज्यांना पिळते आहे त्यांचे मन दवाखान्यात कसे बरे करणार, या प्रश्नापाशी येऊन त्यांनी १९५६ साली राजीनामा दिला. तेव्हा गोळीने कर्ज फिटत नाही आणि ओट्यावर बसून सातबारा नावावर होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण काकू सावरली तेव्हाच तिला तहसीलच्या पायऱ्या चढता आल्या. मावशींबरोबर ती सात वेळा गेली. मदतीची केस अपात्रची अपात्रच राहिली. परंतु तिचे आणि लेकरांचे नाव सातबाऱ्यावर वारस म्हणून लागले. हक्कासाठी भांडायला जे बळ लागते ते पहिल्यांदा कुठून तरी यावे लागते.

आज आमच्या गावात पाच बायका दर शनिवारी दुपारी जमतात. त्या स्वतःला मंडळ म्हणवत नाहीत. 'दाळ निवडाले चाललो' असे म्हणतात. त्यांचे काही नियम अनुभवाने ठरले आहेत. 'कर्ज किती होते' हे विचारायचे नाही. 'देवाची मर्जी' म्हणायचे नाही. नवीन आलेली बाई गप्प बसली तर तिला बोलते करायचे नाही. झोप, जेवण गेले किंवा जिवाचे काही बोलू लागली, तर तिला एकटी सोडायची नाही आणि त्याच दिवशी आशाताईंना कळवायचे. तिथे ओट्याचे काम संपते आणि डॉक्टरांचे सुरू होते. आणि ओट्यावरचे ओट्यावरच ठेवायचे. हा शेवटचा नियम महाग पडून शिकावा लागला. एकीने सांगितलेली गोष्ट हातपंपावर पोहोचली आणि ती बाई परत आली नाही. मावशी अजून तिच्या घरावरून जाताना थांबतात, हाक मारतात. कधी उत्तर येते, कधी येत नाही.

मला मात्र एका गोष्टीची रुखरुख लागून आहे. हा ओटा काकूसाठी होता. काकांसाठी तो नव्हता. पुरुषाला आपल्याकडे बसायला जागा दोनच, पानठेला आणि दारूचा गुत्ता. तिथे भाव, पाऊस, राजकारण सारे निघते; पण 'मले झोप येत नाही' हे वाक्य निघत नाही. आपल्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जगाचा निरोप घेतला. २०१७ पासून दरवर्षी त्या दिवशी अनेक लोक अन्नत्याग करून त्यांची आठवण जागवतात. ते योग्यच आहे. पण मेलेल्यासाठी उपाशी राहणाऱ्या समाजाने जिवंत माणसाजवळ बसायलाही शिकले पाहिजे. तेराव्या दिवसाची वाट का पाहावी?

मागच्या उलंगवाडीच्या वेळी एक लहानशी गोष्ट घडली. वडील संध्याकाळी काकूला म्हणाले, "तुमच्या त्या शनिवारात तुमी बोलता तरी काय?" काकूने सांगितले. ते ऐकून घेतले आणि काही न बोलता उठले. दुसऱ्या आठवड्यात, ज्यांचा कापूस त्या वर्षी पाण्याने गेला होता अशा शेजारच्या एका कास्तकाराच्या धुऱ्यावर ते जाऊन बसलेले मला दिसले. हातात दोरखंड वळायला घेतला होता. दोघे काय बोलले ते मी विचारले नाही; ओट्याचा नियम धुऱ्यालाही लागू आहे.

माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, आपल्यातले बहुतेक जण तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून, कोलामांच्या पोडांवरून इथे शिकायला येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बांध घालतो, ते करावेच. पण सुट्टीत गावी गेल्यावर एवढे पाहावे की, कोणत्या घरची तेरवी नुकतीच आटोपली आहे, किंवा कुणाचे हसणे-बोलणे अलीकडे थांबले आहे. त्या घरातल्या माणसासारखेच भोगून सावरलेले गावात कोण आहे, त्याला शोधून तिथवर न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर जिवाचे बरेवाईट करू पाहणाऱ्या माणसाला गुन्हेगार मानले जात नाही, त्याला उपचाराचा हक्क आहे, हेही सांगावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस'ची सेवा रात्रंदिवस आणि फुकट मिळते. तो क्रमांक घरातल्या भिंतीवर, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवावा.

जाताना रिकाम्या हाताने मात्र जाऊ नये. निवडायला दाळ न्यावी, सोलायला शेंगा न्याव्यात. बोलणे सुचले नाही तरी चालते. पुढच्या दिवशी परत जावे, आणि त्याच्या पुढच्याही.